माड आणि कोबी : पश्चिम किनाऱ्यालगतच्या दोन पिकांच्या लागवडीच्या गरजा व उपयोग यांचा तुलनात्मक इतिहास

प्रस्तावना :

नाशिकजवळील त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजेच पांडवलेण्यांतील, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. या लेखांत गाई, सुवर्ण, घाट, धर्मशाळा आणि नावांच्या मोफत उताराबरोबरच माडांच्या दानाची नोंद आढळते. नानंगोल गावातील ३२,००० माड चरक शाखेच्या परिषदांना दिले गेले. या परिषदा पिंडितकावड, गोवर्धन, सुवर्णमुख आणि शूर्पारक येथे होत्या. कापूर आहारातील चिखलपद्र गावचे ८,००० माड लेण्यातील भिक्षुसंघाला दिले गेले. नानंगोल म्हणजे डहाणूच्या उत्तरेस, आजच्या गुजरात राज्यात असलेले नारगोळ होय, असे सामान्यतः मानले जाते.

लेण्यांच्या परिसरातून आज नाशिक, दिंडोरी, निफाड या तालुक्यांत हिंडणाऱ्यास माड क्वचित दिसतो. दिसतात ते द्राक्षांचे मांडव, टोमॅटो, आणि थंडीत ओळीने लावलेला कोबी. ज्या पिकाची नोंद डोंगरात कोरली गेली ते पीक त्या डोंगराखालच्या जमिनीचे नव्हे. ज्या पिकावर त्या जमिनीतील शेतकऱ्याचा हिवाळी हंगाम बऱ्याच अंशी अवलंबून असतो, ते पीक उषवदाताच्या काळात या देशात माहीत असल्याचा पुरावा नाही.

माड आणि कोबी यांची तुलना प्रथमदर्शनी विजोड वाटेल. एक वृक्षवर्गीय पीक, तर दुसरी तीन महिन्यांची भाजी. तथापि पश्चिम किनारा व त्यालगतचा देश यांच्या आर्थिक इतिहासात ही दोन पिके वारंवार एकमेकांच्या शेजारी येतात. पिकाला काय लागते, यावरून त्याचा मालक कोण, त्यावर कर कसा बसणार, आणि संकटात नुकसान कोणाचे व किती मोजले जाणार, हे बव्हंशी ठरत आलेले आहे. प्रस्तुत लेखात याच अंगाने या दोन पिकांचा विचार केला आहे.

उगम व नैसर्गिक गरजा :

दोन्ही वनस्पतींचे मूळ समुद्रकाठाशी जोडलेले आहे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. रानकोबी आजही युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरील चुनखडीच्या कड्यांवर उगवतो. खारा वारा, उथळ माती आणि इतर वनस्पतींची स्पर्धा नसलेली जागा त्याला मानवते. अलीकडील जनुकीय अभ्यासांनी मात्र लागवडीखालील कोबीचे मूळ पूर्व भूमध्य प्रदेशात शोधले आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एजियन परिसरातील 'ब्रासिका क्रेटिका' ही जाती त्याची सर्वांत जवळची जिवंत नातेवाईक ठरली. काहीही असले तरी दोन्ही ठिकाणे समुद्रालगतचीच आहेत. माडाविषयी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याच्या लागवडीची दोन स्वतंत्र केंद्रे सुचविली. त्यांतील एक प्रशांत महासागराच्या टापूत, तर दुसरे दक्षिण भारत व त्याभोवतालच्या हिंदी महासागराच्या परिसरात होते.

एवढे साम्य संपले की फरक सुरू होतो. माडाला बाराही महिने ऊब लागते. सरासरी २७ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान, दमट हवा, भरपूर व शक्यतो वर्षभर विभागलेला पाऊस अथवा पाटाचे पाणी, आणि निचऱ्याची जमीन असली की तो वाढतो. तो रेतीत वाढतो, जांभ्याच्या मातीत वाढतो, खाजण जमिनीच्या बांधावरही वाढतो. त्याला क्लोराईड मानवत असल्यामुळे लागवडीच्या खड्ड्यात मीठ घालण्याची कोकणातील रीत निव्वळ समजूत म्हणून सोडून देता येत नाही. दोन झाडांत साधारण साडेसात मीटर अंतर राखले की हेक्टरी सुमारे १७५ माड बसतात. उंच जातीचा माड सहा-सात वर्षांनी फळू लागतो आणि पुढे साठ-सत्तर वर्षे, कधी त्याहून अधिक काळ फळत राहतो. पूर्ण वाढलेल्या माडाला महिन्याला सुमारे एक झावळी येते, तिच्या बगलेत एक पोय येते, आणि पोय उमलल्यापासून नारळ पक्व होण्यास जवळजवळ वर्ष लागते. एका माडावर एकाच वेळी कोवळी पोय, बोंडे, शहाळी आणि तयार नारळ असे सगळे असते. उत्पन्नाचा हा अखंडपणा पुढील चर्चेत महत्त्वाचा ठरतो.

कोबीची गरज याच्या उलट आहे. १५ ते २० अंश तापमानात त्याचा गड्डा घट्ट भरतो, आणि उष्णता वाढली की तो सैल राहतो. रोपे गादीवाफ्यावर चार ते सहा आठवडे वाढवून शेतात लावली की जातीनुसार साठ ते नव्वद दिवसांत पीक निघते. त्याला नत्र भरपूर लागते, पाणी नियमित लागते, आणि ताण पडून एकदम भरपूर पाणी मिळाले की गड्डे तडकतात. त्याची मुळे उथळ असतात, त्यामुळे पाण्यासाठी तो संपूर्णपणे शेतकऱ्यावर अवलंबून असतो. सर्वांत महत्त्वाची अट बियाण्याची आहे. कोबी ही द्विवर्षायू वनस्पती होय. गड्डा धरल्यानंतर काही आठवडे कडक थंडी मिळाल्याखेरीज तिला फुलोरा येत नाही. सपाट प्रदेशातील हिवाळा त्यासाठी पुरेसा नसतो. परिणामी महाराष्ट्रातील शेतकरी कोबी पिकवू शकतो, पण त्याचे बी धरू शकत नाही. माडाचे बी म्हणजे नारळ, तो त्याच्या दारातच पडतो. चांगल्या झाडाची निवड करून रोप करणे हे कोणाही कोकणी घराला जमत आलेले आहे. महाराष्ट्रात रूढ असलेल्या उंच जातीचे 'बाणवली' हे नावदेखील गोव्यातील बाणावली गावावरून आले आहे. निवडलेले बी गावाचे नाव घेऊन प्रवास करते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

'ओर्ता' या शब्दाचा प्रवास :

पोर्तुगीज भाषेत 'ओर्ता' म्हणजे घरालगतची भाजीची बाग. पोर्तुगालमध्ये अशा बागेचे मुख्य पीक म्हणजे 'कोव्ह', अर्थात कोबीवर्गातील पालेभाजी. मराठी, कोंकणी आणि गुजराती भाषांतील 'कोबी' हा शब्द या 'कोव्ह'पासून आला. सिंहली भाषेतील 'गोवा' हे कोबीचे नावही त्याच मुळाचे आहे. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा अभ्यास करणारे गोमंतकीय विद्वान सेबास्तियांव रोदोल्फो दालगाद यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा शब्दांचा विस्तृत मागोवा घेतला आहे. उत्तरेतील 'करमकल्ला' हे नाव मात्र फारसी परंपरेतील आहे. त्यामुळे कोबी हिंदुस्थानात केवळ एकाच वाटेने आला, असे म्हणणे धाडसाचे होईल. शिवाय 'कोव्ह' या शब्दात गड्डा न धरणारी, मोकळ्या पानांची जातही येते. पोर्तुगालमध्ये रोजच्या सूपात पडते ती हीच. तेव्हा नाव सोळाव्या-सतराव्या शतकात आले म्हणून गड्ड्याचा कोबीही त्याच वेळी येथे रुजला, असे गृहीत धरता येत नाही. कोबी पोर्तुगीजांनी आणला, हे वाक्य पाठ्यपुस्तकांत सर्रास आढळते. ते नावापुरते खरे आहे, पण पिकापुरते ते अपुरे आहे.

'ओर्ता' शब्दाचे किनाऱ्यावर काय झाले ते अधिक उद्बोधक आहे. गोवा, वसई व मुंबई येथे पोर्तुगीजांना घरालगत जी बाग दिसली ती माडांची होती. पोर्तुगालमध्ये भाजीच्या वाफ्यांना लावलेला शब्द त्यांनी येथे माडाच्या बागेला लावला. इंग्रजांनी तो उचलला आणि मुंबईच्या इंग्रजीत 'ओर्ट' म्हणजे माडांची वाडी असा अर्थ रूढ झाला. माहीम व गिरगाव येथील अशा वाड्यांचे वैयक्तिक तुकडे याच शब्दाने ओळखले जात. गिरगावातील खोताची वाडी, झावबाची वाडी अशी जी नावे आज चाळींना व गल्ल्यांना लागलेली दिसतात, त्यांत त्या बागाइती मुंबईची खूण शिल्लक आहे. कोबीच्या बागेचे नाव माडाच्या बागेला मिळाले आणि कोबी मात्र त्या बागेतून बाहेर राहिला. कारण साधे आहे. किनाऱ्यावरच्या दमट उष्म्यात गड्डा धरत नाही.

वैद्य गार्सिया द ओर्ता याचा 'कोलोकियुश' हा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्याचे आडनावही याच शब्दाचे रूप आहे, हा योगायोग म्हणावा लागेल. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. संवादरूपात लिहिलेल्या या ग्रंथातील एक संपूर्ण संवाद माडाला वाहिलेला आहे. सूर, त्यापासून गाळलेली दारू, गूळ, खोबरे, तेल, काथ्या असे उपयोग त्यात क्रमाने येतात. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्शोतेन या डच प्रवाशानेही १५९६ च्या आपल्या ग्रंथात माडाचे असेच वर्णन केले आहे. युरोपीय लेखकांना माडाचे जे विशेष वाटले ते त्याच्या बहुउपयोगीपणाचे. ही यादी पुढे दोन-तीनशे वर्षे जवळजवळ त्याच स्वरूपात पुनरावृत्त होत राहिली आणि तिचा एक दुष्परिणाम झाला. माड म्हणजे निसर्गाने आयता दिलेला कल्पवृक्ष, अशी प्रतिमा रूढ झाली आणि त्यामागचे श्रम दृष्टीआड गेले. खुद्द गोव्यात येशू संघाच्या एका धर्मगुरूने माडाच्या लागवडीवर 'आर्ते पाल्मारिका' ही पुस्तिका लिहावी, यावरूनच हे पीक किती काळजी मागत होते हे स्पष्ट होते.

मासळीचे खत आणि मुंबईची हवा :

माड कशावर जगतो, या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या इतिहासात एका अनपेक्षित वादातून मिळते. समुद्रकाठच्या रेताड जमिनीत अन्नद्रव्ये टिकत नाहीत. म्हणून माहीम आणि गिरगावच्या वाड्यांत माडाच्या बुंध्याशी बारीक मासळी पुरण्याची प्रथा होती. इंग्रजी कागदपत्रांत या मासळीस 'बक्शो' असे म्हटलेले आढळते. १६७३ साली मुंबईत आलेला डॉ. जॉन फ्रायर आणि १६८९ साली येथे असलेला पाद्री ओव्हिंग्टन या दोघांनी बेटाच्या रोगट हवेची कारणे सांगताना या कुजक्या मासळीकडे बोट दाखविले. त्या काळी रोगाचे मूळ दुर्गंधीत मानले जाई. मुंबईत उतरलेला इंग्रज दोन पावसाळ्यांहून अधिक जगत नाही, ही म्हण ओव्हिंग्टनमुळेच प्रसिद्ध झाली. पुढे कंपनी सरकारने या खतावर मनाई केली. अठराव्या शतकाच्या मध्यास मुंबईत आलेल्या ग्रोस यानेही हवेच्या सुधारणेच्या संदर्भात या प्रथेचा विचार केला आहे.

हा वाद केवळ आरोग्याचा नव्हता. १६७२ साली जेराल्ड आंजियर याने बेटावरील जमीनधारकांशी केलेल्या व १६७४ साली कायम झालेल्या करारानुसार त्यांच्याकडून वर्षाला २०,००० शेराफिन घेण्याचे ठरले होते. भातशेती आणि माडांच्या वाड्या यांतूनच ही रक्कम उभी राहणार होती. खत बंद केले तर माड खंगणार आणि माड खंगले तर सारा बुडणार. खत चालू ठेवले तर, तत्कालीन समजुतीप्रमाणे, शिपाई व कारकून मरणार. तापाची खरी कारणे डासांत व दलदलीत होती, हे कळण्यास आणखी दोनशे वर्षे जावी लागली. वाडीवाल्यांना मात्र त्या वेळी आपल्या झाडाची भूक आणि सरकारची भीती यांच्यामध्ये उभे राहावे लागले. मुंबईच्या इतिहासग्रंथांत हा प्रसंग बहुधा एक गंमतीदार तपशील म्हणून येतो. वस्तुतः एका पिकाच्या खताची गरज शहराच्या धोरणाशी थेट भिडल्याचे हे पश्चिम भारतातील एक जुने उदाहरण आहे.

माडी, अबकारी आणि झाडागणिक कर :

माडाच्या सर्व उपयोगांत राज्यसत्तेला सर्वाधिक रस वाटला तो माडीत. पोय उमलण्यापूर्वी ती बांधून, हलक्या हाताने ठोकून, टोकाशी रोज पातळ काप देत राहिले की रस पाझरतो. माडावर दिवसातून दोन-तीनदा चढावे लागते. ज्या माडाची पोय माडीसाठी घेतली तिला नारळ लागत नाहीत. म्हणजे नारळ की माडी, ही निवड प्रत्येक झाडापुरती करावी लागते. कोकण व मुंबईत हे काम भंडारी समाजाकडे, तर गोव्यात रेंदेरांकडे होते. गोव्यात सुराचा आणखी एक उपयोग झाला. पोर्तुगीजांच्या पावाला लागणारे आंबवण येथे मिळेना, तेव्हा पोदेरांनी पीठ फुगविण्यासाठी सूर वापरली. गव्हाचा पाव माडाच्या रसाने फुगला आणि गोव्याच्या आहारात कायमचा बसला.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडी काढावयाच्या प्रत्येक झाडावर परवाना व कर बसविला. झाडांवर खुणा करून त्यांची मोजदाद होऊ लागली. त्याच वर्षी इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत झालेल्या तहामुळे गोव्यातही मिठाबरोबर अबकारीची व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थानच्या धर्तीवर आणण्यात आली. हा तह १८९२ पर्यंत अमलात होता. ज्या रसासाठी पूर्वी वाडीमालक आणि भंडारी यांच्यातील वाटणी पुरेशी होती, त्यात आता तिसरा व सर्वांत मोठा वाटेकरी शिरला. कर रसाच्या प्रमाणावर नव्हता, झाडावर होता. त्यामुळे कमी पाझरणाऱ्या माडाचा भार गरीब भंडाऱ्यालाच सोसावा लागे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हा व्यवसाय जवळजवळ बंद पाडला. नीरेच्या विक्रीस उत्तेजन देण्याचे प्रयत्न झाले, परंतु सूर्योदयानंतर थोड्याच वेळात आंबणारे पेय दूरच्या बाजारात नेणे सोपे नव्हते. पुढे १९६० च्या दशकात धोरण शिथिल झाले तोवर माडावर चढणारी एक पिढी गिरण्यांत व गोदीत गेली होती. कोकणातील पाडेल्यांची आजची टंचाई ही केवळ नव्या पिढीच्या अनिच्छेतून आलेली नाही, तिच्यामागे हा कायद्यांचा इतिहासही आहे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून माडावर चढण्याचे यंत्र देऊन तरुणांना प्रशिक्षण देण्याची योजना राबविली, तीही याच टंचाईपोटी.

कोबी : थंडी, कालवा आणि मंडई :

कोबीवर स्वतंत्र कर बसल्याचे उदाहरण आढळत नाही. त्याचा इतिहास कागदपत्रांत शोधणे म्हणूनच अवघड आहे. तो सापडतो पाणी, रस्ते आणि बाजार यांच्या इतिहासात. एकोणिसाव्या शतकात इंग्रज छावण्यांच्या गरजेपोटी पुणे व परिसरातील माळी कुटुंबांनी विलायती भाज्या लावण्यास प्रारंभ केला. पुण्याचा हिवाळा कोबीला मानवतो. परंतु हिवाळ्यात पाऊस नसतो, ही अडचण होती. खडकवासल्याचे धरण व मुठा कालवे १८७० च्या दशकात आकारास आल्यावर हडपसर, मांजरी या पट्ट्यात बारमाही बागाईत वाढली. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून लोहमार्ग खुला झाला आणि देशावरचा भाजीपाला मुंबईच्या बाजारात एका रात्रीत पोचू लागला. १८६९ साली उभ्या राहिलेल्या क्रॉफर्ड मार्केटने त्याला छप्पर दिले.

पुण्यात १८८६ साली रे मार्केट सुरू झाले. नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी या इमारतीवरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी पाटबंधारे खात्याच्या कारभारावर केलेली टीका कालव्याच्या पाण्यावर बागाईत करणाऱ्यांच्या अनुभवाशी जोडून वाचली पाहिजे. पुढे पुण्याच्या आणि मुंबईच्या, दोन्ही मंडयांना फुल्यांचेच नाव देण्यात आले. ज्याला इमारत नको होती त्याचे नाव इमारतीवर आहे. तरीही माळी शेतकऱ्याच्या दृष्टीने ते अगदीच अस्थानी म्हणता येत नाही.

बियाण्याची अडचण मात्र कालव्याने सुटणारी नव्हती. दर हंगामाचे बी परदेशातून येई. दुसऱ्या महायुद्धात ही आयात विस्कळीत झाली तेव्हा क्वेट्टा परिसरात समशीतोष्ण भाज्यांच्या बीजोत्पादनाचे प्रयत्न झाले. फाळणीत क्वेट्टा पाकिस्तानात गेले आणि १९४९ साली कुलू खोऱ्यातील कटराईं येथे केंद्र स्थापन करण्यात आले. 'गोल्डन एकर', 'पुसा ड्रमहेड' यांसारख्या वाणांचे बी तेथून सपाट प्रदेशात येऊ लागले. नंतरच्या काळात संकरित बियाण्यांनी बाजार व्यापला. संकरित वाणाचे गड्डे एकसारखे आणि टिकाऊ असतात, ट्रकमध्ये नीट रचता येतात, हा त्यांचा गुण खरा. पण त्यांच्यामुळे बियाण्याचे परावलंबन कुलूपासून आणखी दूर, कंपन्यांच्या गोदामापर्यंत गेले.

भारतात कोबीचे उत्पादन आज चीनच्या खालोखाल आहे. या विस्ताराबरोबर चौकोनी ठिपक्यांचा पतंग हा शत्रूही वाढला. भारतात त्याची नोंद १९१४ सालची आहे. कोबी वर्षभर लावला जाऊ लागल्यावर त्याला वर्षभर अन्न मिळाले आणि फवाऱ्यांना तो दाद देईनासा झाला. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमारास यावर सुचविलेला उपाय जुन्या शेतीची आठवण करून देणारा होता. कोबीच्या ठराविक ओळींनंतर मोहरीच्या ओळी लावाव्यात, म्हणजे पतंग मोहरीवर अंडी घालतो. मोहरी ही कोबीचीच गोत्रबहीण असल्याने हे साधते. तरीही बाजारभावाच्या दडपणाखाली असलेला शेतकरी मोहरीसाठी जागा सोडण्यास सहजी तयार होत नाही. कोबी जास्त दिवस शेतात ठेवता येत नाही आणि घरात साठवता येत नाही. भाव पडला की उभ्या पिकात जनावरे सोडणे किंवा नांगर फिरविणे एवढेच उरते. सोललेला नसेल तर नारळ महिनोन्‌महिने टिकतो आणि सुकून खोबरे झाला तरी त्याचे पैसे होतात.

उपयोगांविषयी :

माडाच्या उपयोगांची यादी येथे पुन्हा देण्याचे कारण नाही. एवढेच नोंदवावे की त्याचा प्रत्येक भाग वेगवेगळ्या कारागिराकडे जातो. सोडण काथ्या-सुंभ वळणाऱ्याकडे, करवंटी डवल्यासाठी वा कोळशासाठी, झावळ्या झाप विणणाऱ्या स्त्रियांकडे, हीर खराट्यासाठी. कोबीचा उपयोग एकच, पोटात जाण्याचा. भाजी, पचडी, भानोले आणि गेल्या चार-पाच दशकांत शहरी रस्त्यांवरील चायनीज गाड्या, एवढ्यात त्याचा विस्तार संपतो. नारळी पौर्णिमा, कलश, ओटी यांतून माडाला जे विधीतील स्थान आहे ते कोबीला कधीच मिळाले नाही. उलट अनेक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात कोबी-फ्लॉवर विलायती म्हणून वर्ज्य मानले जातात.

तरीही कोबीचे एक ऐतिहासिक ऋण मान्य करावे लागेल. १४९७ ते १४९९ या वास्को द गामाच्या पहिल्या सफरीत निम्म्याहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत स्कर्व्ही हे मोठे कारण होते. १७६८ साली निघालेल्या जेम्स कुकने जहाजावर आंबवलेला कोबी नेला. खलाशी तो खाईनात, तेव्हा त्याने तो अधिकाऱ्यांच्या टेबलावर रोज वाढावयास लावला. मग खलाशीही मागू लागले. प्रशांत महासागरातील बेटांवर त्याच जहाजावरच्या माणसांनी शहाळीही प्यायली. अमेरिकेच्या उष्ण भागातील एका तालवृक्षाचा कोवळा गाभा युरोपीय लोक कोबीसारखा खात. म्हणून १७६३ साली त्याला 'ओलेरासिया', म्हणजे भाजीच्या बागेचा, असे जातिनाम मिळाले. कोबीच्या 'ब्रासिका ओलेरासिया' या नावातही हाच शब्द आहे. ताडाचा गाभा काढला की झाड मरते. वादळात माड उन्मळून पडला तरच त्याचा गाभा खाणारा कोकणी माणूस या बाबतीत अधिक हिशेबी होता, असे म्हणावे लागते.

गणनेचे एकक :

उषवदाताने दान दिले ते बिघे नव्हेत, माड. लेखात झाडांच्या बुंध्यांची संख्या दिलेली आहे, जमिनीचे क्षेत्र नाही. माड हा स्वतःच मालमत्ता होता आणि पुढेही राहिला. कोकणात जमीन एकाची व झाड दुसऱ्याचे, असे व्यवहार अलीकडेपर्यंत होते. गोव्यातील भाटकाराच्या भाटात मुंडकाराचे घर असे, पण घरावर सावली धरणाऱ्या माडाचा नारळ त्याचा नसे. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने घराखालची जमीन सुरक्षित केली, तेव्हाही माडांचा प्रश्न अनेक गावांत तंट्याचा विषय राहिला. २०१६ साली गोवा सरकारने वृक्षसंरक्षण कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून माड वगळला. त्यामुळे त्याच्या तोडीवरील निर्बंध उठणार होते, आणि राज्यभर विरोध झाला. २०१७ साली माडाला राज्यवृक्ष ठरविण्याचा निर्णय घेण्यात आला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने माड हा खरा वृक्ष नव्हे, हा युक्तिवाद त्या चर्चेत ऐकू आला. तो शास्त्रीयदृष्ट्या चूक नाही. पण कायद्यातील झाड हे शास्त्रातील झाडाहून वेगळे असते, हे अबकारी खात्याच्या खुणा सोसलेल्या माडाच्या बाबतीत तरी कोणी विसरू नये.

कोबीची मोजणी एकर आणि क्विंटल यांतच होते. एका गड्ड्याला कायद्यात स्थान नाही. नैसर्गिक आपत्तीतील भरपाईचे सर्वसाधारण नियमही अशाच पिकांना समोर ठेवून बनलेले आहेत. बाधित क्षेत्र किती हेक्टर, एवढेच ते विचारतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा या नियमांची विसंगती उघडी पडली. हेक्टरी ५०,००० रुपयांचा दर जाहीर झाला. परंतु श्रीवर्धनच्या वाड्या गुंठ्यांत असतात. दहा गुंठ्यांत सतरा-अठरा माड, त्यांच्या मध्ये पोफळी, त्यांवर मिरीचे वेल. दहा गुंठ्यांचा हिशेब पाच हजार रुपयांवर येत होता, आणि पडलेला माड तर पूर्वजांनी लावलेला. कोबीचे शेत वाहून गेले तर एक हंगाम जातो व रोपे पुढच्या महिन्यात पुन्हा लावता येतात. माडाच्या वाडीत नव्या रोपाला नारळ लागेपर्यंत सहा-सात वर्षे उत्पन्न थांबते. बागायतदारांच्या मागणीनंतर ऑगस्ट २०२० मध्ये राज्य सरकारने क्षेत्राऐवजी झाडागणिक मदत देण्याचे ठरविले. नारळासाठी प्रतिझाड २५० रुपये, सुपारीसाठी प्रतिझाड ५० रुपये. रक्कम तुटपुंजी होती, बाजारात तेवढ्यात चांगल्या जातीची दोन-तीन रोपे मिळतील इतकीच. मोजमाप मात्र नारगोळच्या माडांचे होते. तलाठी व कृषी सहायक पंचनाम्याच्या वह्या घेऊन वाडीवाडीत पडलेले बुंधे मोजू लागले, आणि ज्यांनी घाईने बुंधे तोडून वाट मोकळी केली होती त्यांना आपली झाडे किती होती हे शेजाऱ्यांच्या साक्षीने सांगावे लागले.